आकडा कोणी फिरवला?

खासगी गुप्तहेर मनस्विनी गद्रे यांच्याकडे येणारी निम्मी कामं लग्नाच्या स्थळांची. मुलगा मुंबईत खरंच नोकरीला आहे का, घर स्वतःचं की भाड्याचं, असल्या चौकश्या. त्यामुळे भर दुपारी पावस गावाहून हेमाताई पाध्ये आल्या तेव्हा रावजींनी नेहमीच्या सुरात विचारलं, "मुलाचं की मुलीचं?"

"मुलाचं," हेमाताई म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

रावजी कदम गडबडले. एसटीच्या डेपोत कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ रोज मनस्विनीबाईंच्या ऑफिसात येऊन बसायचा. मदतनीस म्हणून की चहासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. बाईमाणूस रडलं की मात्र त्याची पार त्रेधा उडायची. त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

"शार्दूलचं काय झालं?" मनस्विनीबाईंनी विचारलं. पाध्यांचा मुलगा पायलट झाला, हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"घरी बसवलंय त्याला. विमान डोंगरावर जाता जाता वाचलं म्हणे, आणि चूक याची. सोमवारी मुंबईला कंपनीची चौकशी आहे. हा म्हणतो, कबूल करून टाकतो. मी म्हटलं, अरे, केलं असशील तर कबूल कर. तर म्हणतो, केलं की नाही ते आठवत नाही!" हेमाताईंनी डोळे पुसले. "आठवत नाही ते कसलं कबूल करतो गो हा? जेवत नाही. विहिरीच्या कठड्यावर बसून राहतो. पाणी काढायचं निमित्त करून मी दहादा डोकावून येते. मला भीती वाटते, मनस्विनी."

मनस्विनीबाई उठल्या आणि पायात चपला सरकवल्या.

"आता लगेच?" रावजी म्हणाले. "चहा टाकलाय ओ."

"तो पावसला पिऊ."

*

शार्दूल खरंच कठड्यावर बसला होता. तिशीही न गाठलेलं पोर, पण खांदे पाडून बसलं होतं. मागे कलमांवर कैऱ्या धरल्या होत्या आणि गावात शिमग्याचे ढोल चालले होते. त्याचं दोन्हीकडे लक्ष नव्हतं.

"मला विमानातलं ओ का ठो कळत नाही," मनस्विनीबाई कठड्यावर त्याच्या शेजारीच बसल्या. "पहिलीच्या पोराला सांगतोस तसं सांग."

तो हळूहळू बोलायला लागला. कॉकपिटमध्ये दोघे असतात. एक उडवतो, दुसरा पाहतो. उडवणारा म्हणजे हाताने उडवणारा नव्हे, उडवतो ऑटोपायलटच. त्याला सांगायचं, एवढ्या उंचीवर जा, की तो जातो. समोर मधोमध एक नॉब असतो, त्यावर उंचीचा आकडा लावायचा.

"तो नॉब फिरवायचा कोणी?"

"ऑटोपायलट चालू असला की उडवणाऱ्याने. त्या संध्याकाळी मी उडवत होतो, श्यामकाका पाहत होते."

श्यामकाका म्हणजे कॅप्टन श्याम आगाशे. सख्खे काका नव्हेत. पण जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांना त्यांनी बोट धरून विमान कंपनीत नेलं होतं. पूर्वी गावची माणसं पोरांना गिरणीत चिकटवायची, तसंच हे. शार्दूल त्यांच्यातलाच. त्या विमानातली मुख्य हवाईसुंदरी नम्रता शिवलकर, तीही.

"लावणाऱ्याने चुकीचा आकडा लावला तर?"

"म्हणून तर दुसरा असतो. लावणारा आकडा मोठ्याने बोलतो. दुसऱ्याने समोर बघायचं, आकडा तोच आहे ना ते वाचायचं आणि म्हणायचं, 'चेक्ड'."

"आणि लावणारा? तो नाय म्हणत 'चेक्ड'?" रावजींनी विचारलं.

"स्वतःच स्वतःला कसं म्हणेल, रावजीकाका?" इतक्या दिवसांत शार्दूल पहिल्यांदा थोडासा हसला असावा, कारण दारात उभ्या हेमाताईंनी पटकन पदर तोंडाला लावला.

त्या संध्याकाळी वारा फिरला. नेहमी समुद्राकडून उतरायचं, तर टॉवरने ऐनवेळी डोंगराकडून यायला सांगितलं. पाच हजार फुटांवर थांबा, असंही बजावलं. शार्दूलने नॉबवर पाच हजार लावले. मग नवी धावपट्टी कॉम्प्युटरला सांगायची म्हणून मान खाली घालून तो कळा दाबत बसला. वर पाहिलं तेव्हा विमान पाच हजारांच्या खाली जात होतं, जमीन जवळ आल्याचा भोंगा वाजत होता आणि काकांनी विमान वर ओढलं होतं. नॉबवर दोन हजार होते.

"म्हणजे पाचाचे दोन कोणीतरी केले."

"यंत्र आपणहून आकडा बदलत नाही. नोंदीत आकडा बदललेला दिसतो, पण हात कोणाचा ते दिसत नाही. बोलण्याची नोंद होते, ती विमान पुढच्या फेरीला गेलं त्यात पुसली गेली." शार्दूलने तळहात चोळले. "उडवत मी होतो, म्हणजे हात माझाच. काकांनी तर वाचवलं. त्यांच्यावर कसा संशय घेऊ?"

"तू कोणत्या बाजूला बसतोस?"

"उजव्या. मधलं सगळं डाव्या हाताने. नॉब, कळा, मागे अडकवलेला केबिनचा फोन, सगळं."

"त्या वेळी केबिनमधून फोन आला होता?"

"उतरायच्या आधी येतोच. काकांनी घेतला असेल. फोन आणि रेडिओ पाहणाऱ्याकडे असतो."

"असेल, की होता?"



*

कॅप्टन आगाशेंचा बंगला आरे-वारे किनाऱ्याच्या वर, सड्याच्या मोकळ्या पठारावर. खाली समुद्र, वर कातळ, आणि दिवाणखान्यात चक्क विमानाचं नाक! दोन खुर्च्या, पडदे, नॉब, मागे फोनसुद्धा. मुलाखतीला जाणाऱ्या पोरांच्या सरावासाठी कॅप्टननी पदरचे पैसे घालून ते उभं केलं होतं. माणूस उंच, देखणा, आणि बोलण्यात खोट काढायला जागा नाही असा.

"मला वाईट वाटतं हो," ते म्हणाले. "मुलगा हुशार आहे. पण आजकाल यांना यंत्राची इतकी सवय होते की बोट कुठे जातं ते मेंदूला कळत नाही. आणि नुसतं पाहत बसणं हे उडवण्याहून कठीण असतं. तासन् तास काही चुकत नाही, मग डोळे उघडे राहतात आणि लक्ष झोपतं."

"तुमचं?"

"माझं जागं होतं, म्हणून आज आपण बोलतोय." ते हे फुशारकीने बोलले नाहीत. "तो विमानतळ माझ्या अंगणासारखा. समुद्राकडून यायचं, दोन हजारांवर यायचं, वळायचं. किती वर्षं केलं असेल, मोजलेलं नाही."

"त्या संध्याकाळी नेमकं काय झालं?"

"टॉवरने बदल सांगितला. याने पाच हजार लावले, मी तपासले. मग हा कॉम्प्युटरमध्ये गुंतला. तेवढ्यात केबिनचा फोन. मी घेतला. नम्रता म्हणाली, केबिन तयार आहे. मी थँक यू म्हटलं. त्या क्षणभरात याने आकडा फिरवला असणार. फोन ठेवून बघतो तर डोंगर."

"फोन तुम्हीच घेतलात?"

"अर्थात. पाहणारा मी होतो."

रावजींना हे सगळं पटलं. परतताना रिक्षात ते म्हणाले, "बाय, माणूस सरळ आहे. पोराचीच चूक. उगाच आपण हात दाखवून अवलक्षण करतोय."

"माणूस सरळ आहे, ते मलाही पटलंय," मनस्विनीबाई म्हणाल्या. "म्हणून तर काळजी वाटते."

रावजींनी तपकीर ओढली.

*

नम्रता शिमग्याला माहेरी आली होती. तिने मनस्विनीबाईंना आत घेतलं, दार लोटलं, आणि बसायच्या आधीच विचारलं, "माझ्या फोनमुळे झालं का ते? कंपनीत सगळे तसंच बोलतात. खरं सांगा."

"तू काय बोललीस फोनवर?"

"रोजचंच. 'केबिन रेडी.'"

"आणि तिकडून?"

"ते जरा गमतीचंच झालं. रोज 'थँक यू' म्हणतात. त्या दिवशी शार्दूल म्हणाला, 'चेक्ड.' मी म्हटलं, 'अरे, मी काय पायलट आहे?' तर काही न बोलता त्याने फोन ठेवून दिला. मला वाटलं, दमला असेल. मी खुर्चीत बसून पट्टा आवळतेय तोच इंजिनांचा आवाज एकदम उतरला आणि विमान खाली जायला लागलं." तिचा चेहरा उतरला. "मागे एका बाईच्या मांडीवर तान्हं मूल होतं."

"शार्दूलच होता? नक्की?"

"त्याचा आवाज मी ओळखणार नाही? शाळेपासून एकत्र आहोत."

"कंपनीला सांगितलंस हे?"

"त्यांनी विचारलं, फोन केलास का? म्हटलं, केला. कुणी घेतला ते विचारलंच नाही. तो तर काकांनीच घ्यायचा असतो ना!"

बाहेर आल्यावर मनस्विनीबाई बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. गावाची पालखी येणार म्हणून पोरंबाळं धावत होती.

"रावजी, एसटीत कंडक्टर दोन घंट्या देतो तेव्हा ड्रायव्हर मागे वळून बघतो का? म्हातारी चढली का, दार लागलं का?"

"छे हो! घंटी झाली की गाडी सोडायची. तो बघत बसला तर गाडी वेळेवर जायची कधी?"

"आणि कंडक्टरने न बघताच घंटी दिली तर?"

"तर म्हातारी रस्त्यात!" रावजी म्हणाले. मग त्यांचा चेहरा हळूहळू गंभीर झाला. काहीतरी मोठं कळलंय असं त्यांना वाटलं, पण काय ते मात्र अजून नीट कळलं नव्हतं.

*

रविवारी सकाळी मनस्विनीबाईंनी सगळ्यांना आगाशेंच्या दिवाणखान्यात जमवलं. कॅप्टननी आनंदाने होकार दिला होता. शार्दूलचा हात कुठे चुकला ते एकदा दिसलं तर पोराचं मन मोकळं होईल, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

शार्दूल उजवीकडे बसला, कॅप्टन डावीकडे. हेमाताई मागे स्टुलावर. नम्रता शेजारच्या खोलीत, दुसऱ्या फोनपाशी. आणि टॉवर म्हणून रावजी! त्यांनी घसा खाकरला आणि डेपोतल्या आवाजात पुकारलं, "वारा फिरला आहे. डोंगराच्या बाजूने यावे. पाच हजार फुटांवर थांबावे."

हेमाताईंना त्याही स्थितीत हसू आलं.

"त्या दिवशी जसं वागलात तसंच वागा," मनस्विनीबाई म्हणाल्या. "आठवून नको. हात जातील तसे जाऊ द्या."

शार्दूलची मान कळांवर झुकली. समोरच्या पडद्यावर डोंगर धूसर दिसत होते. फोन वाजला. कॅप्टन समोर बघत म्हणाले, "घे रे तो." शार्दूलने मान खालीच ठेवून डावा हात मागे नेला, फोन कानाला लावला.

शार्दूल आज थेट कळांकडे वळला होता, टॉवरने सांगितलेला आकडा लावायचा राहिलाच होता. कॅप्टनचा हात सहज पुढे गेला आणि त्यांनी नॉब फिरवला.

"फाइव्ह थाउजंड."

"चेक्ड," शार्दूल फोनमध्ये म्हणाला.

"थांबा!" मनस्विनीबाई म्हणाल्या. "कोणी हलू नका. कॅप्टन, तुमचा हात कुठे आहे?"

कॅप्टननी आपल्या हाताकडे पाहिलं. तो नॉबवरच होता.

दुसऱ्या खोलीतून नम्रता धावत आली. "असंच! अगदी असंच म्हणाला होता त्या दिवशी!"

"तो तुला नव्हता म्हणाला, नम्रता," मनस्विनीबाई म्हणाल्या. "सगळं त्या एका शब्दात होतं. लावणारा 'चेक्ड' म्हणत नाही, दुसरा म्हणतो. तू फोनवर शार्दूलचा 'चेक्ड' ऐकलास, म्हणजे त्या क्षणी आकडा शार्दूलने लावलेला नव्हता. त्याचा डावा हात फोनला अडकला होता, तो नॉबपर्यंत पोचणारही नव्हता. आणि तू पट्टा आवळेपर्यंत इंजिनांचा आवाज उतरला. म्हणजे त्या 'चेक्ड'च्या आधी जो आकडा लागला, तोच विमान खाली घेऊन गेला. कॉकपिटमध्ये तिसरं माणूस नव्हतं."

"पण मी दोन हजार का लावीन?" कॅप्टन म्हणाले. "मला पाच हजार ठाऊक होते! मीच तपासले होते!"

"डोक्याला ठाऊक होते. हाताला नव्हते. तुम्हीच म्हणालात, तो विमानतळ तुमच्या अंगणासारखा. इतकी वर्षं हात दोन हजारांवर गेला, त्या संध्याकाळीही गेला. पाच लागलेत, पोरगा कामात आहे, पुढचा आकडा आपणच लावू, एवढंच. आज पाच लागले, कारण आज आपण सगळे पाच हजारांचाच जप करतोय."

"फोन मी घेतला होता. मला स्वच्छ आठवतं."

"शार्दूललाही वाटत होतं की तुम्हीच घेतला. दोघांना नियम आठवतोय, घडलेलं नाही. खोटं बोलणारा माणूस गोष्ट सजवतो. तुम्ही नियम म्हणून दाखवलात. म्हणून मला तुमची काळजी वाटली."

कॅप्टननी हात नॉबवरून काढून मांडीवर ठेवला. "घे रे तो," ते स्वतःशीच पुटपुटले. "देवा रे. हे मी दर वेळी म्हणतो."

इतका वेळ दाबून धरलेलं हेमाताईंच्या तोंडून बाहेर पडलं. "चोर सोडून संन्याशाला फाशी! पोरगा माझा विहिरीकाठी बसला होता, श्यामभावजी! तुम्हाला शाबासकी, आणि याला कायमचं घरी बसवणार होते! काय झालं असतं म्हणजे?"

"हेमावहिनी, मी सोमवारी येतो. मी स्वतः सांगतो सगळं." कॅप्टनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. "माझी नोकरी गेली तर गेली. हा निर्दोष आहे."

"नाही, काका," शार्दूल म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो अजून त्याच खुर्चीत होता.

"मनस्विनीमावशी, तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगतो. आत्ता मी 'चेक्ड' म्हणालो. आकडा बघितलाच नाही. पाच होता की पन्नास, मला ठाऊक नाही. इतकं सगळं होऊनसुद्धा, आज, आई मागे बसलेली असताना मी बघितलं नाही."

"अरे, फोन होता तुझ्या कानाला," नम्रता म्हणाली.

"फोनमुळे नाही. काकांचा हात होता म्हणून. काकांचं तपासायचं असतं, हे कधी मनातच आलं नाही. त्यांनी बोट धरून आणलं, त्यांच्या हाताकडे संशयाने कसं बघायचं? दोघे एवढ्यासाठीच ठेवतात ना, की एकाचं चुकलं तर दुसऱ्याने धरावं? मी असून नसल्यासारखा होतो. त्या विमानात एकच माणूस होता, आणि तोही सवयीने चालला होता."

हे मनस्विनीबाईंना नम्रताच्या घराबाहेर उभ्या असतानाच कळलं होतं. पण ते त्याचं त्याने सांगावं म्हणून त्या थांबल्या होत्या.

"मग तू काय सांगणार उद्या?" हेमाताईंनी विचारलं.

"काकांनी त्यांचं सांगावं. मी माझं सांगेन. न बघता बघितलं म्हणालो."

"गप्प बसलास तर सुटशील रे. आत्ताच म्हणाले ना ते, तू निर्दोष आहेस म्हणून."

"हो. सुटेन."

हेमाताई उठल्या. लेकाच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. समोरच्या पडद्यावरचे डोंगर त्या बघत होत्या, मोठे मोठे होत चाललेले; ते थांबवायचं कोणाला सुचलं नव्हतं. विमान चालवताना दिसतं काय, हे त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

"मागे किती माणसं असतात रे?"

"दीडशेच्या वर."

"तान्ही पोरं पण?"

"असतात, आई."

त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मग सांग जा. नोकरी जाईल तर जाऊ दे, कलमं आहेत. पण गप्प बसून पुन्हा विमान चालवलंस, तर मी त्यात बसायची नाही."

शार्दूलने तसंच बसून आईच्या हातावर डोकं टेकलं आणि इतक्या दिवसांचं सगळं रडून घेतलं. रावजी खिडकीपाशी जाऊन समुद्राकडे बघत उभे राहिले.